कानाच्या तक्त्यातला अर्धा कान

मधल्या सुट्टीत मैदानावर फुगडी रंगते. दोघी मुली हातांची अढी घालतात, पाय जुळवतात, मागे रेलतात आणि गरगर फिरू लागतात. थांबल्यावर एक मटकन खाली बसते, दुसरी भिंत धरते, बाकीच्या हसतात. फिरणे थांबलेले असते. पण त्या दोघींपुरते मैदान, झाड आणि शाळेची इमारत अजून फिरतच असते. हे दृश्य सिंदी मेघेला दिसते तसेच सावंतवाडीलाही दिसते.

अशा वेळी वर्गात विचारून पाहावे, की चक्कर का आली? "डोक्यात रक्त चढलं", "मेंदू हलला", "सकाळी काही खाल्लं नसेल" अशी उत्तरे मिळतात. एखादा अभ्यासू विद्यार्थी "अनुमस्तिष्कामुळे" असे म्हणतो. "कानामुळे" म्हणणारा विरळाच. आश्चर्याची गोष्ट अशी, की याच विद्यार्थ्यांनी कानाची आकृती अनेकदा काढलेली असते, 'अर्धवर्तुळाकार नलिका' हे नाव बाणाने दाखवलेले असते आणि त्याचे गुणही मिळवलेले असतात. म्हणजे उत्तर त्यांच्या वहीतच असते. पण ते उत्तर आहे हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

हा दोष विद्यार्थ्यांचा नाही, आकृतीचा आहे. पुस्तकांची परीक्षणे होतात, नाटकांची होतात. प्रयोगशाळेच्या भिंतीवरच्या तक्त्याचे परीक्षण कोणी करत नाही. वास्तविक एखादे गाजलेले पुस्तक जितकी मुले वाचतात त्याहून कितीतरी अधिक मुले हा तक्ता पाहतात. म्हणून कानाचा जो रंगीत तक्ता आपण शाळाशाळांतून टांगतो आणि ज्याची प्रतिकृती पाठ्यपुस्तकांत छापली जाते, त्याचेच परीक्षण येथे करावयाचे आहे.

तक्ता काय चांगले करतो

आधी त्याच्या गुणांविषयी. हा तक्ता एक गोष्ट सांगतो आणि ती उत्तम सांगतो. हवेतील कंप कानाच्या पाळीने गोळा होतात, नळीतून आत जातात, पडदा हलतो. हातोडा, ऐरण आणि रिकीब ही तीन इवलीशी हाडे तो कंप पुढे पोचवतात. गोगलगायीच्या शंखासारख्या कर्णावर्तात द्रव हालतो, तेथील रोमपेशींकडून संदेश निघतो आणि चेतातंतूंवाटे मेंदूत जातो. या गोष्टीला आरंभ आहे, मध्य आहे, शेवट आहे. विद्यार्थ्याला ती लक्षात राहते. बाह्यकर्ण, मध्यकर्ण आणि अंतर्कर्ण हे तीन भाग तीन रंगांत दाखवण्याची पद्धतही सोयीची आहे.

पण कर्णावर्ताच्या वरच्या बाजूला तीन कडी चिकटवलेली दिसतात. ध्वनीचा बाण त्यांच्याकडे जात नाही. गोष्टीत त्यांना काही काम नाही. नाटकात एखादे पात्र पहिल्या अंकापासून रंगमंचावर उभे असावे आणि शेवटपर्यंत त्याच्या तोंडी एकही वाक्य नसावे, तसे त्यांचे झाले आहे. फार तर खाली एक ओळ असते : 'शरीराचा तोल सांभाळणे'. विद्यार्थी ती पाठ करतो आणि पुढे जातो.

तक्त्याचे पाच दोष

पहिला दोष चेतातंतूंचा. तक्त्यावर अंतर्कर्णातून निघणाऱ्या दोरीला 'श्रवणचेता' असे नाव असते. मेंदूकडे जाणाऱ्या या आठव्या चेतेच्या प्रत्यक्षात दोन शाखा आहेत. एक ऐकण्याची, दुसरी तोलाची. दुसरी शाखा काढलीच नाही, तर त्या तीन कड्यांतून संदेश कोठे जातो हा प्रश्नही मुलांना पडणार नाही.

दुसरा दोष नावाचा. 'अर्धवर्तुळाकार' म्हटले की मुले खरोखरच अर्धी कडी काढतात. ही प्रत्येक नलिका अर्ध्या वर्तुळापेक्षा मोठी, सुमारे दोनतृतीयांश वर्तुळाची असते. आणि तिची दोन्ही टोके एका पिशवीत उघडत असल्यामुळे द्रवाच्या दृष्टीने पूर्ण वाटोळा मार्ग तयार होतो. हा मार्ग पूर्ण नसेल तर यंत्र चालणारच नाही. म्हणजे नाव पाठ करणारा विद्यार्थी रचनेतली सर्वांत महत्त्वाची बाब गमावून बसतो.

तिसरा दोष सपाटपणाचा. या तीन नलिका एकमेकींशी जवळजवळ काटकोनात असतात. खोलीच्या कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन जशी मिळते, तशी ही मांडणी आहे. त्यामुळेच डोके 'नाही' म्हणून हलवले, 'हो' म्हणून हलवले किंवा खांद्याकडे कलंडले, तरी प्रत्येक हालचाल कोणत्या ना कोणत्या नलिकेला कळते. कागदावर तीन काटकोन एकदम काढता येत नाहीत हे खरे. पण तसे एक वाक्य तक्त्यावर लिहिता येते. तेही नसते.

चौथा दोष गाळण्याचा. तीन नलिकांच्या मुळाशी युट्रिकल आणि सॅक्यूल नावाच्या दोन लहान पिशव्या आहेत. तक्त्यावर त्यांच्या जागी बहुधा एक फुगवटा असतो. या पिशव्यांत जेलीसारख्या थरावर कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म खडे बसवलेले असतात. मोठ्यातला मोठा खडाही मिलिमीटरच्या सुमारे तेहतिसाव्या भागाएवढाच. डोके कलले, एस.टी. एकाएकी सुटली किंवा लिफ्ट खाली जाऊ लागली की हे जड खडे थोडे मागे राहतात किंवा घसरतात आणि खालच्या रोमपेशी वाकतात. फिरणे नलिकांना कळते. सरळ रेषेतला वेगबदल आणि 'खाली कोणती बाजू' हे या पिशव्यांना कळते. पुढे आपण ज्या चक्करेविषयी बोलणार आहोत, तिचे मूळ या खड्यांतच आहे.

पाचवा दोष त्या एका ओळीचा. 'कान तोल सांभाळतो' हे विधान अपुरे आहे. कान तोल सांभाळत नाही. तो बातमी देतो. दुसरी बातमी डोळ्यांकडून येते आणि तिसरी तळपाय, सांधे व स्नायूंकडून. मेंदू या तिन्ही बातम्या ताडून पाहतो आणि स्नायूंना हुकूम देतो. बातम्या जुळल्या की आपल्याला काहीच जाणवत नाही. जुळल्या नाहीत की चक्कर येते, मळमळते. घाटात बसमध्ये पुस्तक वाचणाऱ्याला 'गाडी लागते' ती यामुळेच. कान म्हणतो आपण वळतो आहोत. पुस्तकावर खिळलेले डोळे म्हणतात सर्व काही स्थिर आहे.

याच्या जोडीला पाठ्यपुस्तकांची विभागणी आहे. कान येतो ध्वनीच्या पाठात, भौतिकशास्त्राच्या सोबतीला. तोल येतो चेतासंस्थेच्या पाठात, अनुमस्तिष्काच्या नावावर. दोन पाठांची कधी भेट होत नाही. एनसीईआरटीच्या अकरावीच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात डोळा आणि कान यांच्या रचनेचा भाग होता व त्यात तोलाच्या अवयवाचेही वर्णन होते. २०२२ साली अभ्यासक्रमाचा भार कमी करताना तो संपूर्ण भाग वगळण्यात आला. तेव्हा वरच्या वर्गात ही उणीव भरून निघेल, असे म्हणण्याचीही सोय उरलेली नाही.

फुगडीचे उत्तर

आता फुगडीकडे वळू. प्रत्येक नलिकेचे कडे तुरीच्या दाण्याभोवती बसेल एवढेच असते. तिच्यात द्रव भरलेला असतो. एका ठिकाणी नलिका फुगीर असते आणि तेथे जेलीचा एक लवचिक पडदा आडवा बसवलेला असतो. त्याला क्युप्युला म्हणतात. पडद्याच्या मुळाशी रोमपेशी असतात आणि त्यांचे रोम पडद्यात शिरलेले असतात.

मुलगी फिरू लागली की नलिका डोक्याबरोबर लगेच फिरते. आतला द्रव मात्र जडत्वामुळे क्षणभर मागे राहतो. त्यामुळे पडदा एका बाजूला वाकतो आणि 'मी फिरते आहे' असा संदेश जातो. त्याच वेगाने फिरत राहिल्यास द्रवही नलिकेच्या वेगाने फिरू लागतो आणि पडदा स्वतःच्या लवचिकपणामुळे पाच-सहा सेकंदांत सरळ होऊ लागतो. मेंदू ती जाणीव आणखी काही काळ टिकवून धरतो. पण अर्ध्या मिनिटाच्या आसपास, डोळे मिटलेले असतील तर, फिरत असल्याचे फारसे जाणवत नाही. मग ती एकदम थांबते. नलिका थांबते, द्रव मात्र पुढे जाऊ पाहतो. पडदा या वेळी उलट बाजूला वाकतो. मेंदूला बातमी मिळते : 'मी उलट दिशेने फिरते आहे.' डोळे आणि तळपाय म्हणतात, 'आपण स्थिर आहोत.' बातम्यांचा हा झगडा म्हणजे फुगडीनंतरची चक्कर. रक्त चढण्याचा किंवा पोट रिकामे असण्याचा येथे संबंध नाही.

आणखी एक बाब वरच्या वर्गांना अवश्य सांगावी. रोमपेशींशी जोडलेले चेतातंतू डोके स्थिर असतानाही गप्प नसतात. माकडांवरील मोजणीत ते सेकंदाला सरासरी नव्वदच्या आसपास स्पंद पाठवतात असे आढळले आहे. पडदा एका बाजूला वाकला की स्पंद वाढतात, दुसऱ्या बाजूला वाकला की कमी होतात. उजव्या आणि डाव्या कानातल्या नलिका जोडीने काम करतात. एकीकडचे स्पंद वाढले की दुसरीकडचे घटतात. तराजूच्या दोन पारड्यांसारखी ही योजना आहे. म्हणूनच एका कानाचा पुरवठा अचानक बंद पडला, तर माणूस पलंगावर निश्चल पडलेला असूनही त्याला गरगरते. एक पारडे रिकामे झाल्यावर तराजू कलणारच.

हे शिकवताना आपण बहुधा पाण्याच्या ग्लासाचा दाखला देतो : ग्लास फिरवला की पाणी मागे राहते, थांबवला की पाणी फिरत राहते. दाखला चांगला आहे, पण त्याची मर्यादा सांगितली पाहिजे. ग्लासात पाणी मोकळे फिरते. नलिकेत पडद्याने वाट अडवलेली असते आणि नलिका इतकी बारीक असते, की द्रव जेमतेम सरकतो. या घर्षणाचा एक फायदाही होतो. रोजच्या झटपट हालचालींत पडद्याचे वाकणे डोक्याच्या वेगाशी प्रमाणात राहते. यंत्र फसते ते फुगडीसारख्या लांबलेल्या फिरण्यात. ज्या कामासाठी ते घडले, ते काम ते चोख करते.

डोळ्यांशी असलेले नाते

'तोल' या शब्दाने आणखी एक मोठे काम झाकले जाते. एक प्रयोग वर्गात दोन मिनिटांत होतो. पुस्तकाचे पान डोळ्यांसमोर धरून डोके स्थिर ठेवावे आणि पान भराभर डावीकडे-उजवीकडे हलवावे. अक्षरे पुसट होतात, वाचता येत नाही. आता पान स्थिर ठेवून डोके तितक्याच वेगाने हलवावे. अक्षरे वाचता येतात! डोळ्यांसमोरची हालचाल तर दोन्ही वेळा सारखीच आहे. मग फरक का?

दुसऱ्या खेपेस डोके हलल्याची बातमी अंतर्कर्णाने दिलेली असते. ती सेकंदाच्या सुमारे शंभराव्या भागात डोळ्यांच्या स्नायूंपर्यंत पोचते आणि डोळे तितकेच उलट फिरतात. पहिल्या खेपेस डोळ्यांना पाहून मागे जावे लागते. त्याला याच्या कित्येक पट वेळ लागतो. चालताना, धावताना, खड्ड्यांतून सायकल चालवताना जग आपल्याला स्थिर दिसते, ते या व्यवस्थेमुळे.

ती नाहीशी झाली तर काय होते, हे क्षयरोगाच्या औषधाने दाखवून दिले. १९४३ साली सापडलेल्या स्ट्रेप्टोमायसिनने असंख्य रोग्यांना जीवदान दिले. पुण्याजवळ पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्येही ते पुढे तयार होऊ लागले. पण हे औषध काही रोग्यांच्या अंतर्कर्णातील रोमपेशी मारते, आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. १९५२ साली अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात एका डॉक्टरने नाव न देता स्वतःचाच अनुभव लिहिला. स्ट्रेप्टोमायसिनमुळे त्याच्या दोन्ही कानांतले तोलाचे अवयव निकामी झाले होते. पलंगावर बसून वाचताना नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर डोके किंचित हले आणि तेवढ्यानेही अक्षरे नाचत. वाचता यावे म्हणून तो पलंगाच्या दोन गजांमध्ये डोके टेकवून स्थिर धरी. त्याच्या ऐकण्यावर मात्र तसा परिणाम झालेला नव्हता. कानाचा जो अर्धा भाग आपल्या तक्त्यावर नि:शब्द उभा आहे, त्याचे मोल या एका उदाहरणावरून कळावे.

शोधाचा इतिहास

हा अर्धा कान विज्ञानालाही सहजासहजी सापडला नाही. आपल्याकडील दर्शनांनी आणि ग्रीकांनीही ज्ञानेंद्रिये पाच मानली आणि कानाला श्रवण नेमून दिले. तोलाची जाणीव मुकाट्याने काम करते, म्हणून ती मोजणीत आलीच नाही. १८२० च्या दशकात फ्रान्समध्ये फ्लूरांस यांनी कबुतरांच्या नलिका कापून पाहिल्या. कबुतरे बहिरी झाली नाहीत. आडवी नलिका कापलेली कबुतरे डोके आडवे हलवत राहिली, उभ्या नलिका कापलेली वर-खाली. पुढे १८६१ साली पॅरिसच्या मूकबधिर संस्थेचे वैद्य प्रोस्पेर मेन्येर यांनी सांगितले, की ज्या चक्करेला लोक मेंदूत रक्त साचल्याचे लक्षण समजतात, ती पुष्कळदा कानातून येते. १८७३ ते १८७५ या काळात माख, ब्रॉयर आणि क्रम ब्राउन यांनी वेगवेगळे काम करून नलिकांतील द्रवाचा सिद्धांत मांडला.

शिक्षकांना विशेष रस वाटावा असे काम मात्र विल्यम जेम्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाचे आहे. त्यांनी असा तर्क केला, की तोलाचा अवयव कानात असेल तर काही बहिऱ्या व्यक्तींना गरगर फिरवूनही चक्कर येऊ नये. १८८२ साली त्यांनी ५१९ मूकबधिर व्यक्तींची माहिती प्रसिद्ध केली. त्यांपैकी १८६ जणांना मुळीच चक्कर आली नाही आणि १३४ जणांना अगदी थोडी आली. उलट ऐकू येणाऱ्या सुमारे दोनशे विद्यार्थी व अध्यापकांत चक्कर न येणारा एकच निघाला. इतक्या साध्या साधनांनी केलेला इतका नेमका प्रयोग वर्गात सांगण्याजोगा आहे. त्यात एक व्यावहारिक धडाही आहे : बहिऱ्या मुलांपैकी काहींना तोलाची जाणीवही कमी असते. अशी मुले उजेडात व्यवस्थित चालतात, पण अंधारात किंवा पाण्याखाली त्यांची दिशा चुकू शकते. पोहायला नेताना हे लक्षात ठेवावे.

व्हिएन्नाचे रॉबर्ट बाराणी यांनी कान धुताना रोग्यांना येणाऱ्या चक्करेकडे लक्ष दिले. पाणी गार असले की डोळे एका दिशेने झटके देत, गरम असले की उलट दिशेने. शरीराच्या तापमानाचे असले की काहीच होत नसे. यावरून अंतर्कर्णाची तपासणी करण्याची रीत निघाली आणि १९१४ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. अर्थात हा प्रयोग डॉक्टरांनी करण्याचा आहे, घरी करण्याचा नाही.

'चक्कर' म्हणजे नेमके काय?

येथवरच्या चर्चेला कोणी केवळ अभ्यासक्रमाचा वाद म्हणेल. पण या अज्ञानाची किंमत घरोघरची वडीलधारी माणसे मोजत असतात.

मराठीत या अनुभवाला शब्दांची वाण नाही. चक्कर, भोवळ, घेरी, गरगरणे, झोक जाणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, डोके हलके होणे. या शब्दांत खरे तर निदान दडलेले आहे. खोली फिरते आहे असे वाटणे म्हणजे गरगरणे. ते बहुधा अंतर्कर्णाचे किंवा त्याच्याशी जोडलेल्या मेंदूच्या भागाचे लक्षण असते. उठून उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येणे हे बहुधा रक्तदाब क्षणभर उतरल्याचे लक्षण. विदर्भाच्या उन्हाळ्यात पाणी कमी पडले, किंवा रक्तदाबाचे औषध जास्त झाले की असे होते. चालताना झोक जातो, बसल्यावर बरे वाटते, ही आणखी निराळी तक्रार. पण दवाखान्यात गेल्यावर आपण या सर्वांसाठी 'चक्कर येते' एवढेच सांगतो. शाळेने आपल्याला हा भेद कधी शिकवलेला नसतो.

एक नमुना पाहा. आजी पहाटे कुशीवर वळतात आणि खोली गरकन फिरते. अर्ध्या मिनिटात थांबते. दोरीवर कपडे टाकताना मान वर केली की पुन्हा तेच. घरचे म्हणतात अशक्तपणा, शेजारी म्हणतात बी.पी., कोणी मानेचा एक्स-रे काढतो. पन्नाशीनंतर मानेच्या एक्स-रेत थोडीफार झीज बहुतेकांना दिसतेच. मग मानेला पट्टा आणि चक्कर दाबणाऱ्या गोळ्या सुरू होतात. आजी पडण्याच्या भीतीने हालचाल कमी करतात, आणि हालचाल कमी झाल्याने पडण्याचा धोका आणखी वाढतो.

अशा तक्रारीमागे पुष्कळदा ते सूक्ष्म खडे असतात. युट्रिकलमधून सुटलेले काही खडे नलिकेत, बहुधा मागच्या नलिकेत, घरंगळतात. डोक्याची स्थिती बदलली की ते खाली घसरतात, द्रवाला ओढतात आणि पडदा वाकतो. एक कान 'फिरतो आहे' म्हणतो, दुसरा तसे म्हणत नाही. खडे तळाशी स्थिरावले की चक्कर थांबते. डॉक्टर या विकाराला बी.पी.पी.व्ही. म्हणतात, पहिल्या दोन अक्षरांवरून त्याचा रक्तदाबाशी संबंध जोडू नये. अंतर्कर्णामुळे येणाऱ्या चक्करेचे हे सर्वांत अधिक आढळणारे कारण आहे. बाराणींनी १९२१ साली अशा रोग्याचे वर्णन केले होते. डिक्स आणि हॉलपाइक यांनी १९५२ साली तपासणीची रीत सांगितली : रोग्याला झटकन आडवे करून मान एका बाजूला वळवायची आणि डोळ्यांचे झटके पाहायचे. अमेरिकेतील जॉन एप्ली यांनी त्यावर उपाय काढला व १९९२ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. डोके एका ठरावीक क्रमाने वळवत नेऊन खडे नलिकेतून पुन्हा पिशवीत उतरवायचे, एवढाच तो उपाय. डबी तिरकी करत करत छर्रा घरात पाडण्याचा मुलांचा खेळ असतो, तसाच हा प्रकार. काही मिनिटांचे काम. बहुतेकांना एक-दोन बैठकांत आराम पडतो. कधीकधी त्रास उलटतो, मग उपाय पुन्हा करावा लागतो. गोळ्यांनी हे खडे जागचे हलत नाहीत.

सर्वच चक्कर अशी नसते, हेही सांगितले पाहिजे. तासन्तास टिकणारी चक्कर, सोबत कानात आवाज आणि ऐकू कमी येणे, हा मेन्येर यांनी वर्णिलेला विकार असू शकतो. दिवस-दोन दिवस सतत गरगरणे हे तोलाच्या चेतेला आलेल्या सुजेमुळे असू शकते. आणि चक्करेबरोबर बोलणे अडखळले, दोन-दोन दिसू लागले, तोंड वाकडे झाले, हातापायांतली शक्ती गेली, उभेच राहता येईना किंवा एकाएकी तीव्र डोके दुखले, तर तो मेंदूचा झटका असू शकतो. तेव्हा घटकाभरही न थांबता मोठे रुग्णालय गाठावे. एप्लीची क्रियाही कोणता कान आणि कोणती नलिका हे डॉक्टरांनी ठरवल्यावरच करावी.

सिंदी मेघेसारख्या गावाला डॉक्टर दूर नाहीत. सेवाग्राम आणि सावंगी ही दोन वैद्यकीय महाविद्यालये हाकेच्या अंतरावर आहेत. पण कानाच्या विभागात जायचे हे सुचण्यासाठी चक्करेचा कानाशी संबंध आहे एवढे तरी माहीत असावे लागते. ते सुचवण्याचे काम डॉक्टरांचे नाही, शाळेचे आहे.

तक्ता कसा असावा?

नुसते दोष दाखवून थांबणे बरे नव्हे. नवा तक्ता छापून येईपर्यंत जुन्यावरही पुष्कळ करता येईल. ध्वनीच्या बाणाचा रंग निळा असेल तर डोक्याच्या हालचालीचा एक लाल बाण काढावा; तो बाहेरून कानाच्या छिद्रातून न येता थेट नलिकांपाशी सुरू व्हावा. चेतेला दोन शाखा दाखवाव्या. दोन पिशव्या आणि त्यांतले खडे वेगळ्या चौकटीत मोठे करून काढावे. 'तोल सांभाळणे' ही ओळ खोडून 'डोक्याची हालचाल व कल मेंदूला कळवणे' असे लिहावे.

त्याहून चांगले म्हणजे हाताने करून पाहणे. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षणाचा विचार मांडला आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने त्याचा आराखडा केला. त्या वर्ध्यात तरी कान नुसता तक्त्यावरून शिकवला जाऊ नये. जाड पुठ्ठ्याचे तीन तुकडे काटकोनात जोडून प्रत्येकावर तारेचे एक कडे बसवले, की तीन नलिकांची मांडणी समजते. पारदर्शक प्लॅस्टिकच्या नळीचे कडे करून त्यात पाणी आणि वाळूचे चार कण भरावे. कडे उभे धरून सावकाश फिरवले की कण नेहमी तळाकडे घसरतात; आजींची चक्कर आणि एप्लींचा उपाय दोन्ही त्यात दिसतात. परातीत पाणी घेऊन त्यावर चिमूटभर लाकडाचा भुसा टाकावा आणि परात फिरवून थांबवावी. फुगडीचे कोडे उलगडते. मुलांना प्रत्यक्ष फिरवायचे झाल्यास गवतावर, दहाच फेऱ्या, आणि दोन्ही बाजूंना धरायला मुले उभी असावीत. ज्यांना आधीच चक्करेचा किंवा फिट्सचा त्रास आहे त्यांना फिरवू नये.

शेवटची सूचना परीक्षकांना. 'कानाची आकृती काढून नावे द्या' हा प्रश्न आपण फार वर्षे विचारला. त्याऐवजी एकदा विचारून पाहावे : 'फुगडी थांबल्यावर जग फिरत राहते, का ते आकृतीच्या आधारे सांगा.' ज्याला हे सांगता येईल, तो घरी जाऊन आजीला एक प्रश्न विचारू शकेल : "कुशीवर वळताना गरगरते, की उठताना अंधारी येते?" तेवढ्या एका प्रश्नाने कदाचित एखाद्या म्हातारीच्या गळ्यातला पट्टा उतरेल.